हाकेला ओ

१२ जानेवारी

पोचलो एकदाचे! एक विमान, दुसरं विमान, मग हाडं खिळखिळी करणारी बस, आणि शेवटी धक्क्यावर डुलत उभी असलेली आमची बोट. आमची म्हणजे भाड्याची, पण बोटवाल्यानं किल्ली हातात ठेवली तेव्हा मला उगाचच मालकीण झाल्यासारखं वाटलं.

बोट पांढरी, एका शिडाची. शिडीवरून खाली उतरलं की उजव्या हाताला दोन शेगड्या, डावीकडे घडीचं टेबल, आणि पुढच्या निमुळत्या टोकात त्रिकोणी बिछाना. त्यात दोघांनी पाय एकमेकांत अडकवूनच झोपायचं. मी म्हटलं, भांडण झालं तर झोपायचं कुठे? नवरा म्हणाला, म्हणूनच बोटीवर भांडायचं नसतं.

हा माणूस घरी नकाशांच्या कार्यालयात दिवसभर मान खाली घालून बसतो. बोटीवर पाय ठेवला आणि त्याची चालच बदलली. तरुणपणी शिडाच्या बोटी चालवायचा हे लग्नाआधी सांगितलं होतं त्यानं, मी ते बढाईखाती टाकलं होतं. आता त्याला कप्तान म्हणायचं ठरवलंय.

लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. माझं चाळिशीच्या उंबरठ्यावरचं पहिलं, त्याचं दुसरं. पहिली तापानं गेली, असं त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की मी पुन्हा विषय काढला नाही.

निघताना ताईनं फोनवर बजावलं की रोज वहीत लिही आणि आल्यावर मला वाचून दाखव, नाहीतर तू नुसतं ‘छान होतं, छान होतं’ करशील. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालणारी, माझी भांडणं भांडणारी तीच. अजून मला चिमे म्हणते. म्हणून ही वही. ताई, वाचून दाखवताना मधेमधे बोलायचं नाही.

१४ जानेवारी

दोन दिवसांत मी बरंच शिकले. शीड उभारताना दोर हाताला गुंडाळायचा नाही (बोट जाईल, म्हणजे हाताचं). सुकाणू डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे वळते, हे कळायला मला अर्धी सकाळ लागली. एकदा कप्तानाची चहाची कपबशी थेट समुद्रात गेली. तो हसत सुटला. घरी असा हसत नाही तो.

माझं नाव आता खलाशी. त्यानं एक नियम घालून दिलाय. बोटीवर एकमेकांपासून नजरेआड झालो की हाक मारायची, आणि हाकेला लगेच ओ द्यायची. उशीर चालणार नाही. पाण्यात पडलेल्या माणसाचा शोध सुरू व्हायला जेवढा वेळ जातो तेवढा त्याच्या जिवावर बेततो, म्हणाला. म्हणून मी खाली भांडी धूत असले, केस विंचरत असले तरी वरून हाक येते, “खलाशी!” आणि मी आहे तिथून ओरडते, “ओ, कप्तान!” पहिल्यांदा हसू आलं. आता हाक पुरी व्हायच्या आत तोंडातून ओ जाते. तो म्हणाला, शाब्बास.

इतक्या वर्षांत मी ‘आहे ना’ याची एवढी काळजी कुणी केली नव्हती. ताई सोडून. (हे वाचताना रडायचं नाही.)

१७ जानेवारी

आज तीन बेटं पाहिली. एकावर नुसते पक्षी, आणि त्यांचा असा कलकलाट की दुपारभर कानात घुमत राहिला. दुसऱ्यावर डोंगराच्या कुशीतून पडणारं पाणी. त्याखाली आम्ही दोघं कपड्यांसकट बसलो आणि शाळेच्या सहलीतल्या पोरांसारखे ओरडलो. तिसऱ्या बेटाच्या कडेला तोंडावर काचेचा मुखवटा लावून मी पाण्यात डोकं घातलं आणि बाहेर काढायलाच तयार होईना. खाली पोवळ्यांची बाग, आणि त्यातून फिरणारे निळे-हिरवे मासे. एका माशाचे दात इतके मोठे आणि पुढे आलेले की मला राहवेना. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते, माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे दात बघायची खोड लागलीय. कप्तानाला सांगितलं, याला माझ्याकडे पाठवून दे, माप घेते.

संध्याकाळी पुढे बसून पाय पाण्यावर सोडले होते. त्यानं माझा हात धरला. मग म्हणाला, तू फार चांगली आहेस. मी म्हटलं, हे तुला आता कळलं? तो हसला नाही.

२० जानेवारी

एक गंमतच झाली. पाणी आणि डिझेल भरायला एका वस्तीच्या धक्क्याला लागलो. डिझेल विकणारी बाई जाडजूड, मोठ्या आवाजाची, पुढचे दोन दात सोन्याचे. कप्तानाला बघून तिनं नळी तशीच खाली टाकली आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. पुन्हा आलात का, म्हणाली. आणि आवाज उतरवून विचारलं, बाईंचा काही पत्ता लागला का?

मी मागे बादल्या घेऊन उभी. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं तशी तिनं त्याचा हात सोडला.

बोट लांब आल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, माणूस चुकली, दिवसाला पन्नास बोटी बघते ती. मीही म्हटलं, असेल. पण निघताना त्या बाईनं सुटे परत द्यायच्या निमित्तानं माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि वस्तीतच राहता का दोन दिवस, असं विचारलं होतं. आग्रह करत होती. हे मी त्याला सांगितलं नाही. का, ते कळत नाही.

२२ जानेवारी

ठरलेला रस्ता सोडलाय. कप्तान म्हणतो, पुढे एक बेट आहे, गोड्या पाण्याचा झरा आहे, प्रवासी जात नाहीत. सकाळपासून तो सुकाणूवर आहे. जेवला नाही.

दुपारी पाण्याखाली खडकांची रांग लागली. पुढे उभं राहून मी हातानं दिशा दाखवायची असं ठरलं होतं. मी हात वर करायच्या आत बोट वळायची. डावीकडे, मग उजवीकडे, मग दोन काळ्या खडकांच्या मधून सरळ. त्यानं नकाशा उघडलाच नव्हता. मी वळून पाहिलं तर त्याची नजर पाण्यावर नव्हती. लांब, बेटावर होती.

मी विचारलं, तू इथे आधी आला आहेस का? तो म्हणाला, नाही. इतक्या पटकन म्हणाला की मला माझी ओ आठवली.

२३ जानेवारी, सकाळ

नांगर टाकलाय. बेट लहान आहे. पांढरी वाळू, मागे माडांची दाटी, त्यात पत्र्याचं छप्पर असलेलं एक घर. आम्ही नांगर टाकला तेव्हा वाळूवर एक बाई उभी होती. हात हलवला नाही, पुढे आली नाही. कप्तान म्हणाला, घराची राखण करते. मग नवीन शर्ट काढून घातला. राखणदारणीला भेटायला नवीन शर्ट.

रबरी होडीतून जाणार आहोत. वही पिशवीत घेतेय, झऱ्यापाशी बसून लिहीन.

२३ जानेवारी

किती वेळ झाला माहीत नाही. ऊन अजून आहे. सगळं जसं घडलं तसं लिहिते. लिहिलं नाही तर माझाच विश्वास बसणार नाही.

घरात एक खोली. एक खाट, एक खुर्ची, एक थाळी, भिंतीला टेकवलेला झाडू. सगळं इतकं स्वच्छ की तिथे कुणी जेवत असेल असं वाटेना. बाईनं आम्हाला पाणी दिलं. पंचविशीची असेल. कपडे धुऊन धुऊन विरलेले, रंग कुठला होता ते सांगता येत नाही. दात पाहिले. एकही झिजलेला नाही. माझ्याशी अहो-जाहो करून बोलली, प्रवास बरा झाला का विचारलं, पण माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

मी झरा बघायला म्हणून बाहेर पडले. पिशवी विसरले म्हणून परत फिरले. खिडकीतून दिसलं. ती त्याच्या समोर उभी होती आणि तिचा हात त्याच्या कानशिलावर होता, जिथे त्याचे केस पांढरे झालेत तिथे. एकेक केस बाजूला करून बघत होती. आणि कप्तान, माझा नवरा, डोळे मिटून उभा होता.

मला काय वाटलं असेल ते ताई तुला सांगायला नको. प्रेमाचं जुनं प्रकरण, आणि मला सोबत घेऊन भेटायला आलाय! अंगाचा तिळपापड झाला. मी आत गेले नाही. घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले, जिथे माडांच्या पलीकडे पुन्हा समुद्र आहे. ठरवलं, आता बोलायचं नाही. हाका मारत बसू दे.

आणि हाक आली. “खलाशी!”

त्याचाच आवाज. पण घराकडून नव्हे, समोरून. समुद्राकडून. तिथे कुणी नव्हतं, नुसतं पाणी. हे सगळं मला दिसत होतं, कळतही होतं. आणि तरी तोंडातून गेलं, “ओ!”

सवय. त्यानंच लावलेली.

घरातून किंकाळी ऐकू आली. रडणं की हसणं ते कळेना. मी धावत पुढे आले तर ती बाई वाळूवरून पळत होती, पडत होती, उठत होती, आणि कप्तान होडी पाण्यात लोटत होता. माझी पिशवी त्यानं वाळूवर ठेवली होती. नीट, ओली होणार नाही अशी.

मी पाण्यात शिरले. गुडघाभर पाणी. चालले, मग पळाले, मग पोहायला लागले. हात मारते आहे, पाणी मागे जातं आहे, आणि पाय टेकवला की गुडघाभरच पाणी. मागे वळून बघितलं, किनारा होता तिथेच. होडी मात्र लांब जात होती.

मी ओरडले, “थांब! अरे थांब, मला यायचंय!”

त्यानं वल्ही थांबवली. “येता येणार नाही तुला. आता तू ओ दिलीस.”

“म्हणजे काय?”

मग त्यानं सांगितलं. तिथून, होडीत बसून, मोठ्या आवाजात, जसं काही समोरच्या गच्चीवरच्या माणसाशी बोलतोय. पहिल्या लग्नानंतर तो आणि ती, त्याची पहिली बायको, इथे आले होते. दुपारी हाक आली आणि त्यानं ओ दिली. इथे जो ओ देतो त्याला बेट सोडत नाही. दुसऱ्या कुणी ओ दिली तरच आधीचा सुटतो. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या आधी ओ दिली, त्याला सोडवायला. तो म्हणाला, “मी तिला शब्द दिला होता, मी येईन म्हणून.”

मी विचारलं, “आणि मला? मला काय दिलं होतंस?”

तो रडत होता. मला कुणाच्या रडण्याचा इतका राग कधी आला नव्हता.

मग म्हणाला, “रोज ओ देत जा. हाक आली की लगेच. चुकवू नकोस, नाहीतर ते घरात येतं.” अजूनही शिकवत होता मला.

ती त्याच्यासमोर होडीत बसली होती. एवढा वेळ खाली बघत होती. आता मान वर केली. “मला माफ करू नका,” म्हणाली. तेवढंच.

बोटीवर चढून त्यांनी शीड उभारलं. खडकांच्या मधून सरळ गेले. मी गुडघाभर पाण्यात उभी होते.

२४ जानेवारी

ते परत येतील असं सकाळपर्यंत वाटत होतं. थट्टा असेल. परीक्षा असेल. माणूस मनाची कशी कशी समजूत घालतो.

भूक लागली नाही. शहाळं फोडताना सुरा हाताला लागला. फट पडली. रक्त आलं नाही. आत बघितलं, मग बघवेना.

दुपारी हाक आली. त्याच्याच आवाजात. ओ दिली.

२७ जानेवारी

सगळं आठवून बघतेय. पहिल्या भेटीत त्यानं विचारलं होतं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, मी एकटीच, ताई दुसऱ्या गावी. तेव्हा त्याला माझी दया आली असं मला वाटलं होतं. लग्नानंतर माझ्या चपला उन्हातून सावलीत ठेवायचा. ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलल्या. ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला कळलं असतं. खरोखर जीव लावला त्यानं, आणि जीव लावता लावता मला इथे आणायच्या तारखा बघत होता. दोन्ही एकाच माणसानं, एकाच हातांनी.

तो वाईट असता तर सोपं गेलं असतं.

३१ जानेवारी

आज ओ दिली नाही. बघू काय होतं म्हणून. दार लावून खाटेवर बसले.

हाक पुन्हा आली. जवळून. मग माडांतून. मग दाराच्या बाहेरून, अगदी हळू, जसं झोपलेल्याला उठवतात तसं. दार उघडलं नाही. पण जमिनीवर ओली पावलं उमटायला लागली, एकेक, खाटेकडे. पावलांची बोटं मागच्या— नाही, ते लिहीत नाही.

कानाशी गार हवा. त्याच्या आवाजात, प्रेमानं, “खलाशी.”

ओ दिली. ओरडून दिली. पुन्हा पुन्हा दिली.

फेब्रुवारी

तारीख नक्की नाही. नखं वाढत नाहीत. ती बाई पंचविशीची का दिसत होती ते कळलं. ती इथे किती वर्षं होती ते विचारायचंच राहिलं.

तिचा राग येत नाही. रोज येईल असं वाटतं, येत नाही. तिनं त्याच्यासाठी ओ दिली होती. माझ्यासाठी कोण देईल?

छे. असा विचार नको.

फेब्रुवारी

आवाज बदलला. आता ताईच्या आवाजात येतं. “चिमे, ए चिमे, जेवायला ये.” हुबेहूब. शेवटचा ‘ये’ लांबवते ती, तसा.

रडत ओ दिली.

त्याला ताईचा आवाज कुठून मिळाला? तिला तर त्यानं— तिच्याबद्दल मीच बोलले असेन झोपेत. बोलत जायला नको. तिची आठवणही नको.

फेब्रुवारी, की मार्च

ठरवलं. लिहून ठेवते, म्हणजे फिरता येणार नाही. कुणी आलं इथे, कुणीही, तर वाळूवर पाय ठेवायच्या आत परत पाठवीन. दगड मारीन. त्यानं जे केलं ते मी करणार नाही. मरेपर्यंत नाही. मरण असेल तर.

—

शीड. खडकांच्या पलीकडे शीड आहे.

दुसरी बोट. निळी. तो नाही सुकाणूवर, कुणी म्हातारा नावाडी आहे. पुढे एक बाई उभी, दोन्ही हातांनी दोर धरून, केशरी जाकीट घातलेली—

ताई आहे.

ताई आली. शोधत आली माझी ताई.

ओरडून सांगायचं. उतरू नको. मागे फिर. धावत जायचं, दगड घेऊन. ठरलंय. लिहिलंय वर.

नांगर टाकला. होडी सोडली त्यांनी. अजून वेळ आहे, दुपारची हाक यायला अजून—

आली.

मागून. समुद्राकडून. पण ताईच्या आवाजात नाही. त्याच्याही नाही. माझ्या. माझ्या आवाजात. “ताई! ए ताई!”

मी ओ दिली. लगेच दिली. थांबत नाही. मला बोलावतच नाहीये ते.

ताईनं ऐकलं. होडीतून उतरली. पाण्यात आहे, गुडघाभर. कपाळावर हात धरून घराकडे बघतेय. हसतेय. तिला वाटतं मी—

धाव ना. ऊठ. खिडकी उघडी आहे, इथूनही ऐकू जाईल तिला. एक शब्द, ‘नको’, एवढाच.

लिहीत का बसलेय मी?

पेन खाली ठेव. ठेव ना. तोंड उघडलंय माझं. आवाज निघत नाही, की मीच काढत ना—